हिरव्या बटणांचा दगड

जालना,
शनिवार, दि. २२ ऑक्टोबर २००५

चि. सौ. शैला हिस,

आईचे अनेक आशीर्वाद. जावईबापूंना नमस्कार. बाळाला उदंड आयुष्य चिंतिते.

गुरुवारी मुंबईहून धर्माच्या नावाचं पार्सल आलं. समुद्राच्या मिठाची बादली एक, रुपये एकोणीसशे पन्नास. निळ्या उजेडाच्या ट्यूबा दोन, सातशे चाळीस. रबरी हातमोजे, कोपरापर्यंतचे, एक जोड, साठ. गाडीभाडं आणि हमाली मिळून एकशे दहा, ते मी देवघरातल्या डब्यातून दिले. बाकीचे पैसे तुझ्या भावानं आधीच भरून ठेवले होते. बादलीचं झाकण शाबूत, ट्यूबा शाबूत. माल बराबर मिळाला असं लिहून मी सही केली.

आता कामाचं. एवढं वाचून पत्र बाजूला ठेव, सांगितलेलं कर आणि मंग पुढचं वाच.

धर्मानं तुला हिरव्या बटणांचा जो दगड आणून दिला आहे त्याला उघडा हात लावू नकोस. त्याला घासू नकोस, खरवडू नकोस, उन्हात वाळवू नकोस. आणि काही झालं तरी त्यावर गरम पाणी ओतू नकोस. उकळायचं तर नावच काढू नकोस. बाळाला त्या खोलीत जाऊ देऊ नकोस. जावईबापूंना सांग, डोळ्यांना चष्मा, तोंडावर ओला पंचा आणि हातात मोजे घालून त्यांनी दगड पाण्यातल्या पाण्यातच जाड प्लास्टिकच्या पिशवीत घ्यावा. पिशवीत ब्लीचिंग पावडरचं पाणी भरावं, तोंड बांधावं, एक दिवस घराबाहेर मोकळ्यावर ठेवावी आणि मंग खोल खड्डा करून पुरावी. काचेच्या टाकीतल्या पाण्यातही तीच पावडर टाकून ते बाहेर ओतावं, मोरीत नको.

हातमोजे याच पाकिटात घातले आहेत. धर्माला ते आता लागणार नाहीत.

मी हे इतकं बजावून का लिहिते, तर आपल्या घरचं वळण तुझ्या हातात आहे. विरजणाचं भांडं असो, बाळाची दुपटी असोत, वास आला की आपण त्यावर आधणाचं पाणी ओततो. तू लहान असताना पाटीवर ओतलं होतंस, चिकट झाली म्हणून, आणि पाटी तडकली होती. त्या दगडाचा एखादा कोपरा सडला, वास सुटला, तर तू दुसरं काही करणार नाहीस हे मला ठाऊक आहे. म्हणून जीव थाऱ्यावर नाही.

गुरुवारीच मी एसटीडीच्या टपरीवरून फोन केला होता. "मी आई बोलते" इतकं म्हणाले आणि तू ठेवून दिलास. पुन्हा लावला, नुसता वाजत राहिला. मी तुला दोष देत नाही. सहा वर्षांनी आईचा आवाज आला तर माणसानं काय करावं, ते मलाही सांगता यायचं नाही. मंग तार ऑफिसात गेले. "दगडाला हात लावू नये, पाणी तापवू नये, आई." तारबाबूनं दोनदा वाचलं आणि म्हणाला, "मावशी, मजकूर बराबर हाय ना? का कुणी दगड मारून राह्यलंय?" मी म्हणाले, "बराबर हाय, जल्दी पाठवा." ती तार तुला मिळाली असेल तर तू म्हणाली असशील, म्हातारीचं डोकं फिरलं. म्हणून हे रजिस्टर पत्र. मी स्वतःच निघाले असते, पण डॉक्टरांनी जिनासुद्धा चढू नका म्हणून सांगितलं आहे. खोकला राहत नाही. कोल्हापूरपर्यंतचा प्रवास व्हायचा नाही.

तुझा नंबर कुठून मिळाला म्हणशील. धर्माच्या मोबाइलमध्ये तू "कोल्हापूर मीठवाले" या नावानं आहेस. तो आंघोळीला गेला की कधी कधी तुझे अण्णाच फोन घ्यायचे, म्हणून. एकदा तुझाच फोन अण्णांनी घेतला होता म्हणे, आणि तू आवाज बदलून म्हणालीस, "माल तयार आहे." अण्णांनी निरोप दिला, "धर्मा, तुझ्या मीठवाल्या बाईचा फोन आल्ता. बोलायला मोठी अदबशीर हाय." हे मला धर्मानं सांगितलं तेव्हा मी हसले. कुठे सांगितलं ते पुढे लिहिते.

तो तुझ्याकडे दोनदा येऊन गेला. आम्हाला सांगायचा, सीड कंपनीचं काम निघालं, पुण्याला जातो. दगड त्यानं चहाच्या थर्मासमधून नेला. आपल्या घरचा थर्मास हरवला म्हणून मी साळूबाईवर, भांडेवालीवर, आठ दिवस धुसफुसत होते. तिची मी माफी मागितली आहे. तुझी लेक काचेवर बोट ठेवते आणि बटणं मिटली की खिदळते, हेही त्यानं सांगितलं.

तू या टाकीची सुरुवात पाहिली नाहीस. तीन वर्षांपूर्वी कंपनीनं त्याला मुंबईला पाठवलं होतं. तिथं कुणाच्या तरी बंगल्यात त्यानं समुद्र पाहिला, काचेतला. परत आला तो त्याच गोष्टी, आणि पाठोपाठ घरात काचेची टाकी. मासे नव्हे गं, मासे दोनच होते. त्याला ते प्रवाळ हवं होतं, मऊ, पाण्यात हलणारं. आपण अंगठीत पोवळं घालतो ते त्याच जातीतलं, पण हे जिवंत आणि हाडं नसलेलं. मला ते फुलांसारखं दिसायचं. पहिली पिशवी आणली तेव्हा रेल्वेत रात्रभर मांडीवर घेऊन बसला होता, थंडी वाजू नये म्हणून स्वेटरात गुंडाळून. घरी आल्यावर लगेच टाकीत टाकलं नाही. पिशवी टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवली आणि तिच्यात वाटीवाटीनं टाकीचं पाणी घालत बसला. मी म्हणाले, "एकदाच ओत की." तर म्हणतो, "आई, नवी सून आणली की तू पहिल्याच दिवशी तिला चुलीपुढं बसवशील का?" मी म्हणाले, "आण तर आधी." लग्नाचं नाव काढलं की तो विषय बदलायचा. तुझ्या वेळी घरात जे झालं ते त्यानं पाहिलं होतं.

अण्णा तर सुरुवातीला चिडायचेच. "नळाला आठ दिवसांनी पाणी येऊन राह्यलं, अन् हा चिरंजीव पाण्यात मीठ कालवून राह्यला." खर्चा मी वहीत वेगळा लिहायची, "धर्मा, समुद्र" या नावानं, आणि महिनाअखेरीला बेरीज यांच्यापुढे धरायची नाही.

पण यांना ओढ लागली ती कलमांमुळे. शहागडच्या मळ्यात यांनी उभ्या जन्मात मोसंबीची कलमं बांधली, ते तुला सांगायला नको. धर्मानं एक छत्री आणली होती. अळंबीसारखी दिसते, हाताला चामड्यासारखी. म्हणाला, अण्णा, हिचे तुकडे केले की दर तुकड्याची नवी छत्री होते. हे चष्मा लावून टाकीजवळ आले.

"झाड हाय का जनावर?"

"जनावर."

"मंग कापल्यावर वरडत कसं न्हाई?"

"तोंड बारीक असतंय अण्णा, ऐकू येत न्हाई."

"तुझ्या आईचं बी बारीकच हाय. ऐकू येतंच की."

मंग यांनी आपला कलमाचा चाकू धार लावून आणला. धर्मा म्हणाला, ब्लेड बरं. हे म्हणाले, "ब्लेडनं दाढी करत्यात." शेवटी यांच्याच चाकूनं कापलं. पण तुकडे दगडाला धरेनात. रबर लावलं तर कापून जायचे, चिकटवलं तर निसटायचे. तेव्हा मी सुई घेतली. गोधडीची जाड सुई, पांढरा दोरा, मधोमध एक टाका आणि दगडाभोवती गाठ. पंधरा दिवसांत तुकड्यानं दगड धरला की टाका उसवायचा. एकादशीला मी हे काम केलं नाही, जीव तो जीव. पण एरवी तुझ्या भावाच्या निम्म्या छत्र्या माझ्या हातच्या टाक्यांवर उभ्या होत्या. पुण्याचे लोक त्या मागवून घ्यायचे.

आणि लोडशेडिंग. सकाळी चार तास, संध्याकाळी चार तास, ते तुमच्याकडे असेल नसेल. पाणी हललं नाही की ही जनावरं गुदमरतात. बॅटरीचा पंप होता, पण बॅटरी दोन तासांत बसायची. मंग मी पाटावर बसून लाकडी डावानं पाणी हलवायची. एका हातात डाव, एका हातात माळ. बेबीनंदा शेजारीण म्हणाली, "काकू, समुद्रमंथन चाललंय का?" पण माझा जपही व्हायचा आणि त्याची छत्रीही जगायची. देवाला ते चालत असेल असं मला वाटायचं.

त्या प्रवाळातली हिरवी बटणं मात्र कशालाच मरायची नाहीत. वीज जावो, ऊन होवो, मीठ कमी पडो. एक दगड होता चार बटणांचा, वर्षात पाटाएवढा झाला. शेजारच्या दगडावर चढली, छत्र्यांची मुळं दाबली. हे म्हणायचे, "हे तर काँग्रेस गवत निघालं." मला वाटतं म्हणूनच धर्मानं तुला बटणं दिली. बाकी काही दिलं असतं आणि मेलं असतं, तर तुला वाईट वाटलं असतं. जे मरत नाही तेच बहिणीला द्यावं, असं त्यानं धरलं असेल.

इथे काल थांबले. डोळ्यांपुढे अक्षर धरेना. आज रविवार, पोस्ट बंद, तेव्हा उद्या सकाळी टाकते. आता राहिलेलं लिहिते.

गेल्या दिवाळीत त्यानं मोठी टाकी केली आणि ती बैठकीतल्या पूर्वेच्या भिंतीला बसली. ती आपल्या घटाची जागा. दिवाळीपासून नवरात्रापर्यंत कुणाला आठवायचं कारण नव्हतं. यंदा घटस्थापना मंगळवारी होती. रविवारी घरातलं झाडून सगळं धुवायला काढलं, अंथरूण, पांघरूण, डबे, फडताळं. तुझे काका रखमाजी शनिवारी येऊन सांगून गेले होते, "घटाच्या जागी जिवाजनावराचं पाणी चालणार न्हाई. भिंत मोकळी करा." म्हणून टाकी मधल्या खोलीत हलवायची होती. धर्मानं सकाळपासून दगड काढून बादल्यांत ठेवले, छत्र्या वेगळ्या, बटणं वेगळी. टाकी रिकामी करून चौघांनी उचलली. इतकं सगळं नीट झालं.

तो पाटाएवढा बटणांचा दगड त्याला साफ करून हवा होता. नवे तुकडे शिवायला जागा पाहिजे होती. मोरीत घेऊन तारेच्या ब्रशनं घासत बसला. बटणं चिवट, निघेनात. मी गच्चीवर गोधड्या वाळत घालत होते, यांचा आवाज वरपर्यंत आला.

"आरं, ढेकणाच्या बाजेवर आपण काय वततो?"

"आधण."

"मंग? ह्याला काय निराळं लागतंय?"

"अण्णा, दगड परत वापरायचाय."

"वापर की. आधणानं दगुड मरतो व्हय?"

आणि दोघं हसले. दुसऱ्यांदाही हसले, का ते मला ऐकू आलं नाही.

वीज नव्हती. धुतलेल्या घरात पाणी येऊ नये म्हणून मोरीचं दार लावलेलं होतं. यांनी एक पातेलं ओतलं आणि दुसरं आणायला स्वयंपाकघरात गेले. धर्मा खाली वाकून, वाफेतच घासत होता. दुसरं पातेलं ओतलं. मी खाली येऊन दार उघडलं तर तोंडात तांब्याची कळशी चाटल्यासारखी चव आली. म्हणाले, कसला वास आहे हा. धर्मा म्हणाला, "समुद्र मेल्याचा." विनोद करायची सवयच होती त्याला.

संध्याकाळपर्यंत तिघांना हुडहुडी. आम्हाला वाटलं, दिवसभराच्या पाण्यानं थंडी भरली. मी काढा केला. माझं रात्री उतरलं. यांना दोन दिवस ताप आणि पोटऱ्यांत गोळे. धर्माची छाती मात्र भरत गेली. त्याचा लहानपणचा दमा तुला आठवतो ना, तू तव्यावर कपडा गरम करून त्याची छाती शेकायचीस. सोमवारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर चांगले होते. पुन्हा पुन्हा विचारायचे, शेतात फवारणी केली का, घरात कसलं औषध सांडलं का, धुरी दिली का. आम्ही म्हणालो नाही. खरंच नव्हतं केलं. दगड धुतला हे कोण सांगणार, आणि सांगून कुणाला कळणार. कागदावर न्यूमोनिया लिहिलं.

मंगळवारी दुपारी हे खाली औषध आणायला गेले तेव्हा त्यानं मला जवळ बोलावलं आणि तुझं सांगितलं. मास्क बाजूला करून एकेक शब्द. "ताईकडं मी जातो, आई. तिला पोरगी हाय. बटणांचा दगड दिलाय." मीठवाल्या बाईची गोष्ट तेव्हाच सांगितली आणि मी दवाखान्यात हसले. मंग तुझा पत्ता सांगितला. मी औषधाच्या चिठ्ठीमागे उतरवून घेतला. म्हणाला, "अण्णाला आत्ताच नको सांगू. मी बरा झालो की सांगतो."

शैला, या पत्राच्या वर श्री नाही. तू पाकीट उघडल्याबरोबर पाहिलं असशील. माझं पत्र श्रीशिवाय सुरू झालेलं तू कधी पाहिलं नाहीस. मला वाटलं होतं तेवढ्यानं तुला कळेल आणि मला लिहावं लागणार नाही. पण ते बरं नाही. लिहिते.

धर्मा गेला. बुधवारी, पाच तारखेला, पहाटे.

यंदा घट बसले नाहीत. बसवायला कुणी उभं नव्हतं.

तुला कळवलं नाही. मी दुसऱ्या दिवशीच तोंड उघडलं होतं. रखमाजी काका म्हणाले, "जिच्या नावानं आंघोळ करून मोकळे झालो, तिला कसलं सुतक?" हे भिंतीकडे बघत बसले. तेरावाही झाला.

त्या आंघोळीचं आता तुला सांगते. तुझं कोर्टातलं लग्न कळलं त्या दिवशी सगळ्यांनी तुझ्या नावानं आंघोळी केल्या, हे तुला कुणीतरी सांगितलंच असेल. हे मोरीतून ओल्यानं बाहेर आले आणि मला म्हणाले, जा. मी आत गेले. दार लावलं, दोन तांबे फरशीवर ओतले, आवाज होईल असे. पदर भिजवून डोक्यावर घेतला आणि बाहेर आले. मी आंघोळ केली नव्हती. देवासमोर खोटं वागले, त्याचं काय व्हायचं ते माझं होईल. पण तू मला कधी मेलेली नव्हतीस. तू धर्माची सख्खी बहीण आहेस आणि तुला सुतक आहे. वाचून झालं की डोक्यावरून पाणी घे. जावईबापूंनाही घ्यायला सांग.

गुरुवारी पार्सल आलं तेव्हा ते परत पाठवावं म्हणून मी दुकानाला फोन लावला. दुकानदार धर्माला नावानं ओळखणारा. काय झालं विचारलं, मी सांगितलं, तिघंही एका दिवशी पडलो म्हणून. मंग म्हणाला, "बाई, तुमच्याकडे बटणांचा दगड होता. त्यावर गरम पाणी ओतलं होतं का?" मी म्हणाले, हो. "घासला होता?" हो. तो म्हणाला, त्या बटणांच्या अंगात विष असतं. पाण्यात असतात तोवर गुपचूप असतात. उकळलं की वाफेतून छातीत जातं. फार थोड्या लोकांना ठाऊक आहे, म्हणाला, मी त्याला हातमोजे घे म्हणून सांगितलं होतं, वाफेचं माझ्याही तोंडून निघालं नाही. तो रडत होता. मी टपरीत उभी होते, मागे माणसं उभी होती, आणि मीटर चालू होतं. त्याच्याकडूनच पावडरीचं सगळं विचारून घेतलं. अंगणात ज्या बादल्या अजून पोत्याखाली झाकून होत्या त्यांत मी काल पावडर टाकली. यांना म्हणाले, वास येतो म्हणून.

यांना मी सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. यांचं असं झालं आहे की देवीच्या जागेवर टाकी बसू दिली म्हणून देवीनं मुलगा नेला. मीठ सोडलं आहे. आयुष्यभर अळणी खाईन म्हणतात. मी दोघांचं अळणी करते आणि ताटावर बसते. कधी तोंडाशी येतं की सांगावं, देवीनं काही केलं नाही. पण मंग पुढचं वाक्य कोणतं? पातेलं तुम्ही ओतलंत? त्यापेक्षा देवीवर राहू दे. ती थोर आहे, तिला हे सोसेल. यांना नाही सोसायचं.

हे फक्त तुला ठाऊक आहे आणि मला. तुला सांगायची वेळ आली नसती तर तुलाही सांगितलं नसतं. तुझ्या घरात तो दगड आहे आणि एक लेकरू काचेला बोट लावून हसतं, म्हणून सांगितलं.

सोबत एक पोस्टकार्ड आहे. आपला पत्ता मी लिहून ठेवला आहे. आपल्याकडे आलेलं टपाल अजून हेच घेतात आणि दारातच उभ्यानं वाचतात, तेव्हा त्यावर दगडाचं, वाफेचं अवाक्षर लिहू नकोस. दगड घरातून गेला आणि लेक बरी आहे, असं झालं की कार्डावर फक्त तिचं नाव लिही. धर्माला विचारायचं राहून गेलं. तो सारखं "पोरगी" म्हणत होता आणि मीही तिचं नाव काय, ते विचारलं नाही. वाटलं, संध्याकाळी विचारू. नाव लिही आणि खाली तुझी सही कर. पूर्ण सही कर.

हे कार्ड वाचतील आणि मला विचारतील, ही कोण. तेव्हा मी सांगेन ही कोण.

उलट टपाली पाठव. कार्ड मी आधी घेणार नाही, त्यांच्याच हाती पडू देईन.

तुझी आई
पुष्पा